वेळापत्रक कोणासाठी?

३१ मार्च २०२४. ईस्टरचा रविवार. अमेरिकेतील ख्रिस्ती कुटुंबे सणानिमित्त घरोघरी एकत्र जमलेली असताना मिशिगन विद्यापीठ आणि मिशिगन स्टेट विद्यापीठ यांचे हॉकी संघ मिझुरी राज्यातील मेरिलंड हाइट्स या गावी परस्परांपुढे उभे ठाकले होते. सेंट लुईस शहराच्या या उपनगरातील ज्या बंदिस्त क्रीडागारात हा सामना झाला, त्याची क्षमता जेमतेम अडीच हजार प्रेक्षकांची आहे. मिशिगन विद्यापीठाने तो ५-२ असा जिंकला आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत प्रवेश केला. क्रीडापानावर एवढी बातमी आली आणि विषय संपला.

वस्तुतः विषय तेथूनच सुरू व्हायला हवा होता. ही दोन्ही विद्यापीठे एकाच राज्यातील. एक अ‍ॅन आर्बर येथे, दुसरे ईस्ट लॅन्सिंग येथे. दोहोंमधील अंतर सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे मोटारीने फार तर सव्वा तास. दोघांकडेही पाच-सहा हजार प्रेक्षक बसतील अशी स्वतःची क्रीडागारे आहेत. त्यांच्यातील स्पर्धा इतकी जुनी आणि इतकी चुरशीची, की ११ डिसेंबर २०१० रोजी मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये उघड्यावर बर्फ अंथरून त्यांचा सामना भरवला गेला, तेव्हा एक लाख चार हजार १७३ प्रेक्षकांची नोंद गिनेसच्या पुस्तकात झाली. लाखभर माणसे कडाक्याच्या थंडीत ज्या दोन संघांसाठी उघड्यावर बसली, त्याच दोन संघांचा मोसमातील सर्वांत महत्त्वाचा सामना सुमारे आठशे किलोमीटर दूर, अडीच हजार आसनांच्या सभागृहात, सणाच्या दिवशी ठेवण्यात आला. त्या विभागातील चार संघांपैकी तिसरा, वेस्टर्न मिशिगन, हाही त्याच राज्यातला! घरे मिशिगनमध्ये आणि लग्न मिझुरीत, असाच हा प्रकार होता.

येथे हॉकी म्हणजे आपल्या परिचयाची मैदानी हॉकी नव्हे. बर्फाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर, पायांत स्केट्स घालून, रबराच्या चपट्या चकतीने खेळला जाणारा हा वेगवान खेळ आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडील आणि उत्तरेकडील थंड प्रदेशांत तो महाविद्यालयीन जीवनाचा अविभाज्य भाग आहे. विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या घोषणा, विद्यापीठाच्या रंगांचे सदरे घातलेले आजी-माजी विद्यार्थी, नातवंडांना घेऊन आलेले गावकरी, असे त्याचे स्वरूप असते. या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा एनसीएए ही महाविद्यालयीन क्रीडांची शिखर संस्था भरवते. आणि या शिखर संस्थेच्या सर्वोच्च स्पर्धेतच प्रेक्षकांचा दुष्काळ पडावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

चार संघांपासून सोळा संघांपर्यंत

१९४८ साली ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तिच्यात अवघे चार संघ होते. कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील ब्रॉडमूर या हॉटेलच्या आइस पॅलेसमध्ये ती भरली आणि पुढची सलग दहा वर्षे, १९५७ पर्यंत, तेथेच भरत राहिली. पहिले विजेतेपद मिशिगनने मिळवले. पुढे संघ वाढले, फेऱ्या वाढल्या. १९८० च्या दशकात प्राथमिक फेऱ्यांचे सामने महाविद्यालयांच्या आवारातच होत असत. १९९२ पासून विभागीय फेऱ्या आधीच ठरवलेल्या ठिकाणी भरवण्याची पद्धत आली. २००३ साली संघांची संख्या सोळा झाली आणि आजची रचना साकारली : चार ठिकाणी प्रत्येकी चार संघ, प्रत्येक ठिकाणचा विजेता अंतिम चारांत.

ही चार ठिकाणे कशी ठरतात? शहरे, क्रीडागारे आणि यजमान विद्यापीठे प्रस्ताव सादर करतात आणि निर्णय काही वर्षे आधी होतो. २०२३ ते २०२६ या चार वर्षांच्या स्पर्धांची ठिकाणे ऑक्टोबर २०२० मध्येच जाहीर झाली होती. कोणते संघ खेळणार हे मात्र ठरते मार्च महिन्यातील एका रविवारी. त्या रविवारी यादी जाहीर होते आणि गुरुवारी वा शुक्रवारी पहिला सामना सुरू होतो. स्थळ चार वर्षे आधी आणि संघ चार दिवस आधी, अशी ही विचित्र सांगड आहे.

आता या रचनेत सामान्य चाहत्याच्या वाट्याला काय येते ते पाहावे. रविवारी संध्याकाळी त्याला कळते की, आपल्या संघाचा सामना गुरुवारी दुपारी हजार किलोमीटरवरील एका अपरिचित गावात आहे. विमानाचे तिकीट त्या वेळी महाग झालेले असते. हॉटेलची खोली, सामन्याचे तिकीट, नोकरीतून दोन दिवसांची रजा, हे सारे जमवायचे, तेही संघ पहिलाच सामना हरला तर दुसऱ्या दिवशी परतावे लागेल हे गृहीत धरून. जिंकला तर पुढच्याच आठवड्यानंतर अंतिम चारांची फेरी आणखी दूरच्या शहरात. तेव्हा कोणता तरी एकच प्रवास परवडणार असेल, तर चाहता अंतिम फेरीसाठी पैसे राखून ठेवतो. विद्यार्थ्याची तर गोष्टच वेगळी. वर्ग चालू आहेत, चाचण्या जवळ आल्या आहेत, खिशात पैसे नाहीत. वसतिगृहातील दूरचित्रवाणी संच हेच त्याचे प्रेक्षागार.

मग प्रशस्त क्रीडागारांत अर्धीअधिक आसने मोकळी राहतात आणि निवेदक चाहत्यांच्या उत्साहाचे वर्णन करीत असताना कॅमेरा मात्र रिकाम्या रांगा टाळत फिरतो. लहान सभागृह घ्यावे तर मेरिलंड हाइट्ससारखे होते. ज्यांना यायचे आहे त्यांना जागाच नाही. दोन्ही बाजूंनी नुकसान प्रेक्षकाचेच.

गुणवत्तेचे पारितोषिक

दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. त्याच २०२४ सालच्या स्पर्धेत डेन्व्हर विद्यापीठाला आपल्या विभागात अग्रमानांकन होते. संपूर्ण मोसमभर उत्तम खेळून मिळवलेल्या या मानांकनाचे पारितोषिक काय मिळाले? डेन्व्हरला मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे पाठवण्यात आले. घरापासून अडीच हजारांहून अधिक किलोमीटर दूर. पहिला प्रतिस्पर्धी कोण, तर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ, ज्याचे अ‍ॅमहर्स्ट येथील आवार स्प्रिंगफील्डपासून तासाभराच्याही आत आहे. अग्रमानांकित संघ पाहुणा आणि खालच्या मानांकनाचा संघ जवळजवळ यजमान! डेन्व्हरने तो सामना दोन वेळा जादा वेळ खेळून २-१ असा कसाबसा जिंकला आणि पुढे विद्यापीठाच्या इतिहासातील दहावे राष्ट्रीय विजेतेपदही पटकावले. खेळाडूंची जिद्द वाखाणण्याजोगी खरीच. पण त्या जिद्दीमुळे रचनेतील दोष झाकला जाऊ नये.

त्रयस्थ ठिकाणाच्या समर्थकांचे म्हणणेही समजून घेतले पाहिजे, कारण ते अगदीच पोकळ नाही. एक सामना आणि पराभूत संघ बाहेर, अशा स्पर्धेत घरच्या मैदानाचा लाभ कोणालाच नसावा, असे ते म्हणतात. त्यांच्याजवळ उदाहरणेही आहेत. २००२ साली विभागीय फेरी मिशिगनच्या स्वतःच्या योस्ट क्रीडागारात होती आणि मिशिगनने तेथे आपल्याच चाहत्यांच्या गजरात वरच्या मानांकनाच्या डेन्व्हरला हरवले. त्याउलट २००६ साली होली क्रॉस या छोट्या महाविद्यालयाने बलाढ्य मिनेसोटा विद्यापीठाला जादा वेळेत ४-३ असे नमवले, ते नॉर्थ डकोटा राज्यातील ग्रँड फोर्क्स येथे. २००९ साली सोळा संघांत तळाच्या मानांकनावर असलेल्या बेमिजी स्टेटने अंतिम चारांत धडक मारली. हे सामने बलाढ्य संघांच्या घरी झाले असते तर असे चमत्कार घडले असते का, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न रास्त आहे. परंतु त्याची दोन उत्तरे संभवतात. पहिले असे की, २००२ सालचा अन्याय मिशिगनच्या घरी सामना झाला म्हणून घडला नाही. ते घर गुणवत्तेने मिळालेले नव्हते, आधीच प्रस्ताव देऊन मिळवलेले होते, म्हणून तो घडला. मोसमभराच्या कामगिरीवर वरचे मानांकन मिळवणाऱ्या संघाला घरचे मैदान द्यावे, असे ठरले असते तर डेन्व्हरला मिशिगनकडे जावे लागले नसते, मिशिगनला डेन्व्हरकडे जावे लागले असते. कमावलेला लाभ आणि करारातून मिळालेला लाभ यांत जो फरक आहे, तो येथे विसरला जातो.

दुसरे उत्तर ग्रँड फोर्क्सनेच दिले आहे. ते नॉर्थ डकोटा विद्यापीठाचे गाव. तेथील प्रेक्षकांचे मिनेसोटाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. दूरच्या ईशान्येकडून आलेल्या होली क्रॉसला त्यांनी आपलेच मानले आणि गर्जना करून पाठीशी बळ उभे केले. म्हणजे तो चमत्कार शांत, रिकाम्या, त्रयस्थ सभागृहात घडलेला नाही. हॉकीवर जीव टाकणाऱ्या गावात, जाणत्या प्रेक्षकांसमोर तो घडला. ठिकाण नावापुरते त्रयस्थ होते. माणसे त्रयस्थ नव्हती.

फेब्रुवारीचे दोन सोमवार

याच देशात, याच खेळात, अगदी उलट चित्र दाखवणारी एक स्पर्धा आहे. बॉस्टन परिसरातील चार विद्यापीठे : बॉस्टन कॉलेज, बॉस्टन युनिव्हर्सिटी, हार्वर्ड आणि नॉर्थईस्टर्न. यांची 'बीनपॉट' स्पर्धा डिसेंबर १९५२ मध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाली. पुढे तिला फेब्रुवारीतील पहिले दोन सोमवार लाभले आणि ते कायमचे झाले. पहिल्या सोमवारी दोन उपान्त्य सामने, दुसऱ्या सोमवारी तिसऱ्या क्रमांकाचा सामना व अंतिम लढत. शहराच्या मध्यभागी, रेल्वे स्थानकाच्या डोक्यावरच असलेल्या टीडी गार्डनमध्ये साडेसतरा हजारांच्या आसपास प्रेक्षक बसतात आणि बीनपॉटच्या रात्री ते गजबजून जाते.

सोमवार हा काही सोयीचा वार नव्हे. दुसऱ्या दिवशी वर्ग आहेत, कचेऱ्या आहेत. फेब्रुवारीतील बॉस्टनची थंडी तर विचारायलाच नको. तरीही माणसे येतात, कारण तारीख सर्वांना ठाऊक आहे, जागा सर्वांना ठाऊक आहे आणि भुयारी रेल्वेने पोहोचता येते. आषाढीला पंढरपूर गाठायचे हे वारकऱ्याला पत्र पाठवून कळवावे लागत नाही, तसेच हे आहे. आजोबांनी पाहिलेली स्पर्धा नातू पाहतो. चषक सर्वाधिक वेळा बॉस्टन युनिव्हर्सिटीनेच नेला आहे. तिने तो तीसहून अधिक वेळा जिंकला आहे. तरीही इतर तिघांचे विद्यार्थी दरवर्षी नव्या आशेने येतात. १९८८ नंतर नॉर्थईस्टर्नला हा चषक थेट २०१८ मध्ये मिळाला. तीस वर्षे हरणाऱ्या संघामागे तीस वर्षे विद्यार्थी उभे राहिले, हे कोणत्याही जाहिरात संस्थेला विकत घेता येणार नाही.

या स्पर्धेची परीक्षा निसर्गानेही पाहिली आहे. ६ फेब्रुवारी १९७८ रोजी उपान्त्य सामने चालू असताना बॉस्टनवर इतिहासप्रसिद्ध हिमवादळ कोसळले. रस्ते बुजले आणि शेकडो प्रेक्षकांना जुन्या बॉस्टन गार्डनमध्येच मुक्काम ठोकावा लागला. अंतिम लढत १ मार्चला झाली. २०१५ साली अतोनात बर्फामुळे ती पुन्हा पुढे ढकलावी लागली आणि २३ फेब्रुवारीला झाली. म्हणजे येथील आयोजकही वेळापत्रक बदलतात. पण ज्या शहराची स्पर्धा आहे त्या शहरातील माणसांना पोहोचता यावे, म्हणून बदलतात.

महिलांच्या बीनपॉटचा अनुभवही बोलका आहे. १९७९ पासून चाललेली ही स्पर्धा चार विद्यापीठांच्या क्रीडागारांत आळीपाळीने भरत असे. जानेवारी २०२४ मध्ये तिची अंतिम लढत प्रथमच टीडी गार्डनमध्ये ठेवण्यात आली आणि १० हजार ६३३ प्रेक्षक आले. महिलांच्या हॉकीला प्रेक्षक नाहीत, अशी कुजबूज करणाऱ्यांना त्या एका रात्रीने उत्तर दिले. प्रेक्षक होते, त्यांच्यासाठी योग्य जागी, योग्य वेळी दार उघडले गेले नव्हते.

चूक मान्य करण्याचे धैर्य

चूक सुधारता येत नाही असे नाही. बिग टेन या विद्यापीठ-गटाने २०१४ साली आपली हॉकी स्पर्धा सुरू केली, तेव्हा ती सेंट पॉल आणि डेट्रॉइट येथील व्यावसायिक संघांच्या भव्य क्रीडागारांत आलटून पालटून भरवण्याचे ठरवले. चार वर्षे रिकाम्या आसनांचा अनुभव घेतल्यावर २०१८ पासून सामने वरच्या मानांकनाच्या संघाच्या आवारात नेण्यात आले. भव्यतेचा हव्यास सोडून आवाराच्या ऊबेकडे परतण्यात या गटाला कमीपणा वाटला नाही. खुद्द एनसीएएच्या महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही अंतिम चारांपूर्वीचे सामने मानांकित संघांच्या घरीच होतात. जे महिलांच्या स्पर्धेत न्याय्य आणि व्यवहार्य ठरते, ते पुरुषांच्या स्पर्धेत अशक्य कसे?

अडचण कोठे आहे, हे उघड आहे. चार ठिकाणे आधी ठरलेली असली की प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीला कॅमेरे आणि माणसे यांची योजना सुलभ जाते. सोळा संघांचे आठ सामने एकामागोमाग एक दाखवायचे, तर कोणाचा तरी सामना कामाच्या दिवशी दुपारी येणारच. त्यातच बाद फेरीत गोल होईपर्यंत जादा वेळ खेळवला जातो. २०२१ साली फार्गो येथे मिनेसोटा-डुलुथ आणि नॉर्थ डकोटा यांचा सामना पाच जादा सत्रे चालला. १४२ मिनिटांच्या प्रत्यक्ष खेळानंतर निकाल लागला, तो मध्यरात्र उलटून गेल्यावर. असा खेळ वेळापत्रकाच्या चौकटीत बसवणे सोपे नाही, हे मान्य. क्रीडागाराची उपलब्धता, बर्फाची निगा, पाहुण्या संघाची व्यवस्था हे प्रश्नही खोटे नाहीत. पण हे सारे व्यवस्थापनाचे प्रश्न आहेत आणि ते सोडवण्यासाठीच व्यवस्थापक असतात. व्यवस्थापकाची सोय हे स्पर्धेचे प्रयोजन होऊ शकत नाही.

या संघांतील बहुसंख्य मुले व्यावसायिक खेळाडू होणार नाहीत. शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलासाठी विभागीय फेरीतील पराभव हा बहुधा आयुष्यातील अखेरचा अधिकृत सामना असतो. चार वर्षे ज्या सहाध्यायांनी त्याच्या नावाचा गजर केला, त्यांच्यासमोर त्याने काठी खाली ठेवावी, की परक्या गावातील मोकळ्या खुर्च्यांसमोर? महाविद्यालयीन खेळ महाविद्यालयापासूनच तोडायचा असेल, तर त्याच्या नावातील 'महाविद्यालयीन' या शब्दाला अर्थ काय उरतो?

बर्फावरच्या हॉकीशी आपला संबंध नसला, तरी या प्रश्नाशी आहे. अमेरिकी क्रीडाव्यवसायाचा कित्ता गिरवण्याची हौस आपल्याकडे वाढते आहे. लीग, लिलाव, प्रक्षेपणाचे हक्क हे शब्द आता शालेय मुलांच्याही तोंडी असतात. त्या देशाचेच हे उदाहरण समोर ठेवले पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये पुरुषांच्या हॉकी विश्वचषकाचे सामने भुवनेश्वरबरोबर राउरकेला येथेही झाले. दिलीप तिर्कींसारखे खेळाडू देणाऱ्या सुंदरगड जिल्ह्यात, वीस हजारांहून अधिक आसनांच्या बिरसा मुंडा स्टेडियममध्ये भारताने स्पेनला २-० असे हरवले, तेव्हा तो आनंद त्या मातीतील माणसांनी प्रत्यक्ष उपभोगला. खेळ जेथे रुजला आहे तेथे तो नेला, ही त्यातील शहाणपणाची गोष्ट.

आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धा विभागीय आणि अखिल भारतीय अशा टप्प्यांनी होतात. त्यांच्या आयोजकांनी पुढचे वेळापत्रक आखताना तीन साधे प्रश्न स्वतःला विचारावेत. त्या दिवशी विद्यार्थ्यांची परीक्षा आहे का? मैदानापर्यंत त्यांना बसने वा रेल्वेने पोहोचता येईल का? आणि पुढच्या वर्षी याच दिवसांत, याच ठिकाणी पुन्हा सामने आहेत, असे त्यांना आजच सांगता येईल का? या तीन प्रश्नांची उत्तरे देण्यास मोठा निधी लागत नाही. लागते ती प्रेक्षकालाही खेळाचा घटक मानण्याची दृष्टी. एनसीएएला ती अद्याप पुरती गवसलेली नाही. बॉस्टनमधील चार शेजाऱ्यांनी मात्र ती सत्तर वर्षांहून अधिक काळ जपली आहे.